मऊ कापडाचा लोचो

नाशिकहून सकाळची एसटी धरली. सापुताऱ्याचा घाट उतरला, बारडोलीला साखर कारखान्याच्या मळीचा वास आला, पलसाण्याला रंगीत पाण्याचे ओहोळ दिसले आणि सुरत आली. निवृत्त रंगतज्ज्ञाला सहसा कोणी बोलावीत नाही, मनहरभाईंनी बोलावले. त्यांच्या कारखान्यात टीव्हीच्या प्लास्टिक चौकटी साच्यातून काढून रंगवीत. रंगावर बारीक खळगे पडत होते.

स्वागत लोचोने झाले (वाफवलेल्या डाळीच्या पिठाचा मऊ लगदा; वर तेल, शेव). "काका, लोचो एटले गोटाळो (म्हणजे घोटाळा)," मनहरभाई म्हणाले. "ताटलीतला आधी संपवा, कारखान्यातला मग बघा." पदार्थ उत्तम होता. दोनदा घेतला.

रंगारी भिका मूळचा अमळनेरचा, राहायला सुरतेतल्याच डिंडोलीत. आजचाही माल बिघडला तर उद्यापासून नवा रंगारी, असे त्याला बजावलेले होते.

"आबा, मना हात बराबर शे. रंगच पयी जास," तो म्हणाला (माझा हात ठीक आहे, रंगच पळून जातो).

रंगाच्या फवाऱ्याला हवा पुरवणाऱ्या नळीत तेल नव्हते, पाणी नव्हते. थिनर ताजा होता. भिका प्रत्येक चौकट निगुतीने पुसून मगच रंगवी. मला कारण सापडेना. दुपारच्या सुट्टीत मनहरभाई मला कापडबाजारात घेऊन गेले. पत्नीने साडी सांगितली होती.

"हाथ फेरवो, काका. माखण (लोणी)," दुकानदार म्हणाला.

"इतकी मऊ कशाने?"

"छेल्ले सिलिकोनना पाणीमांथी काढे (शेवटी सिलिकोनच्या पाण्यातून काढतात). बे वार धोशो एटले गयुं (दोनदा धुतली की गेले)."

सिलिकोन रंगाचा वैरी. त्याचा लवलेश असला तरी रंग तिथून मागे सरतो. साडी घेतली आणि तडक कारखाना गाठला.

"भिका, चौकटी कशाने पुसतोस?"

"नवं कोरं कापड, आबा. घरवाली साड्यांच्या घड्या घालायला जाते, तिथले तुकडे आणते. जुनं फडकं मी लावतच नाही."

मी माझे उपरणे फाडले. धुऊन धुऊन त्यात सुताखेरीज काही उरले नव्हते. एक चौकट अर्धी त्याच्या तुकड्याने, अर्धी उपरण्याने पुसून घेतली. रंग एकच, हात एकच. पहिल्या अर्ध्यावर खळगे उठले; दुसरा अर्धा आरशासारखा.

"म्हणजे जितकं पुसलं, तितकं मीच बिघडवलं," भिका म्हणाला.

"भिका, आजे खेस, कालथी काकानुं धोतियुं (आज उपरणे, उद्यापासून काकांचे धोतर)," मनहरभाई म्हणाले. भिका मोकळेपणाने हसला. नव्या रंगाऱ्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

घरी पत्नीने विचारले, "उपरणं कुठे?"

"सुरतेत कामी आले."

तिने साडीवरून हात फिरवला. "किती मऊ आहे."

"दोनदा धुतली की जाईल."

"साडीचा मऊपणा दोन धुण्यांत जातो. तुमची कांजी मात्र इतक्या वर्षांत उतरली नाही."

दोष शोधणे हा माझा व्यवसाय. हा दोष मला मान्य आहे. साडी मात्र तिने अजून धुतलेली नाही.