गाडीच्या पोटाखालचा पत्रा

कडी-बिजागरीच्या रिव्हेटांसाठी पाडावी लागतात तेवढी सोडली, तर पेटीमास्तरांनी उभ्या आयुष्यात पत्र्याला मुद्दाम भोक पाडलं नव्हतं.

चाळीस वर्षं ते पत्र्याच्या पेट्या करत आले होते. वसतिगृहात निघालेली मुलं, बदलीवर निघालेले कारकून, सगळ्यांचं सामान त्यांच्याच पेट्यांतून गेलं. पेटी तयार झाली की ते तिच्यात काठोकाठ पाणी भरायचे, खाली जुना पेपर अंथरायचे आणि सकाळपर्यंत तशीच ठेवायचे. सकाळी पेपर कोरडा, तर पेटी पास. एक थेंब जरी दिसला, तर गिऱ्हाईक दारात ताटकळत असलं तरी पेटी मिळायची नाही. आणि पोचा? दुकानात एखाद्या पेटीला पोचा दिसला तर मास्तरांना घास उतरायचा नाही. पुढे चाकांच्या बॅगा आल्या आणि पेट्यांना कोणी विचारेना. तरी मास्तर रोज दुकान उघडायचे, हातोडा पुसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बॅगांना नावं ठेवत बसायचे.

एके दिवशी त्यांची सून तोंड पाडून घरी आली.

सून फिरत्या दवाखान्यात नर्स होती आणि गाडीही तीच चालवायची. दर शनिवारी दगडखाणीपलीकडच्या वस्तीवर औषधं आणि लशी घेऊन जायची. तिथला रस्ता नावालाच रस्ता, एरवी नुसते धोंडे. दोन महिन्यांत दोनदा धोंडा लागून इंजिनाखालचा ऑइल चेंबर फुटला होता. दोन्ही वेळा सगळं तेल मातीत गेलं आणि गाडी दोरीला बांधून खाली आणावी लागली.

"बाबा, डॉक्टरबाई म्हणाल्या, तिसऱ्यांदा फुटला तर वस्तीची फेरी बंद. या शनिवारी त्या स्वतः गाडीत बसून बघणार आहेत."

"बंद म्हणजे? मग त्या माणसांनी काय करायचं?"

"चालत खाली यायचं. पाच तास! एकीला आठवा महिना लागलाय. तिला कुठल्या तोंडाने सांगू?"

"चेंबरच्या खाली काही लावत नाहीत का गं?"

"प्लॅस्टिकचं होतं. त्याचे तुकडे केव्हाच रस्त्यात पडले. तिथे जाड पत्राच हवा."

पत्रा! मास्तर ताडकन उठले, चपला उलट्या घातल्या, पुन्हा सुलट घातल्या आणि थेट गॅरेज गाठलं.

गॅरेजवाला त्यांचा जुना दोस्त. त्याने गाडी वर उचलली आणि सदुसष्टाव्या वर्षी मास्तरांनी पहिल्यांदा गाडीचं पोट पाहिलं. चेंबरवर बोटाने टिचकी मारली आणि ते ओरडलेच, "अरे, हा तर माझ्या पेटीइतकाच पातळ आहे! आणि हा धोंड्यांवरून न्यायचा?"

"म्हणून तर म्हणतो, तीन मिलिमीटरचा पत्रा घ्या," गॅरेजवाला म्हणाला. "बोल्ट चासीला, गाडीच्या सांगाड्याला मारा, चेंबरला नाही. आणि मधे दोन बोटं जागा सोडा. धोंडा बसला की पत्रा आत जाणार, त्याला जायला जागा पाहिजे."

"माझ्या पत्र्याला पोचा पडणार नाही," मास्तर म्हणाले. गॅरेजवाला नुसता हसला.

तीन दिवस दुकानात असा दणदणाट चालला की शेजारच्या शिंप्याने शिलाई बंद ठेवली. जाड पत्रा वळता वळेना. मास्तरांच्या तळहाताला फोड आले, पण गडी खुशीत होता. चारी बाजू वर वळवल्या, कोपरे वेल्डिंगने बंद केले आणि सवयीप्रमाणे त्यात पाणी भरून खाली पेपर अंथरला. सकाळी पेपर खडखडीत कोरडा! मास्तरांची छाती दोन इंच फुगली. गॅरेजवाला परगावी गेला होता, पण धीर कोणाला? काठाला तयार भोकांच्या पट्ट्या जोडल्या आणि सुनेला जॅक लावायला सांगून त्यांनी स्वतःच बोल्ट आवळले.

गुरुवारी सून गाडी ओढ्यातून, चिखलातून फिरवून बघायला गेली आणि अर्ध्या वाटेतून परत आली. इंजिन तापून काटा लाल रेघेवर पोचला होता. गॅरेजवाला तोवर आला होता. त्याने खाली शिरून बोल्ट सैल केले मात्र, बादलीभर चिखल आणि गोटे त्याच्या छातीवर पडले.

"मास्तर! इंजिनाला पेटीत कोंडलंत की! वारा कुठून जाणार? चिखल कुठून निघणार? आणि तेल बदलायचं तर दर वेळी अख्खा पत्रा खोलायचा?"

मास्तर वाकून सांडलेला चिखल गोळा करू लागले. लाजेने त्यांचे कान तापले होते. सगळं आयुष्य आत काही जाऊ नये म्हणून घालवलं, आणि इथे आत गेलेलं बाहेर काढायचं होतं.

शुक्रवारी सकाळी गॅरेजमधे त्यांनी ड्रिल हातात घेतलं. खाली ठेवलं. पुन्हा घेतलं.

"बाबा, मी पाडू का?" सुनेने हळूच विचारलं.

"हात लावू नकोस. माझ्या पत्र्याला भोक मीच पाडणार."

पहिलं भोक पाडताना त्यांनी डोळे मिटून घेतले. दुसरं उघड्या डोळ्यांनी पाडलं. मग असा काही जोर चढला की विचारू नका! मागच्या कडेला रांगेने भोकं, वाऱ्यासाठी लांबट खाचा, तेल सोडायच्या नटाखाली मुठीएवढं भोक. पुढची कड तिरकी वर वळवली, म्हणजे धोंडा अडकायचा नाही, घसरून जाईल. शेवटी गॅरेजवाल्यानेच ड्रिलची वायर काढली. "पुरे! चाळण करायची नाहीये!"

शनिवारी मास्तर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, काखेत जुना पेपर मारून औषधांच्या खोक्यांमधे जाऊन बसले. डॉक्टरबाई पुढे बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून पेपरकडे पाहिलं.

ओढा ओलांडला. काटा जागेवर! पहिला धोंडा खालून घासत गेला, दुसरा घासला, आणि प्रत्येक आवाजाला मास्तर फळीला कान लावत होते. शेवटच्या चढावर चाक घसरलं आणि गाडी सगळ्या वजनानिशी एका धोंड्यावर आदळली. धाडकन! पायाखालची फळी हादरली.

"थांबवा गाडी!" डॉक्टरबाई ओरडल्या.

"इथे थांबले तर वर चढणार नाही, बाई!" सुनेने पाय आणखी दाबला.

"तेलाचा दिवा लागला का गं?" मागून मास्तर.

"नाही!"

"आता?"

"नाही हो, बाबा!"

"आता तरी?"

वस्तीत गाडी नीट थांबायच्या आधीच मास्तरांनी उडी मारली, पेपर गाडीखाली सरकवला आणि शर्टासकट मातीत आडवे झाले. टप. टप. टप. पेपरवर डाग पसरायला लागला.

"गळतंय," डॉक्टरबाई वाकून म्हणाल्या. "मी म्हटलंच होतं."

मास्तरांनी डागात बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, हुंगलं.

"पाणी!" ते गाडीखालून गरजले. "ओढ्याचं पाणी! माझ्या भोकांतून पडतंय! बाई, इकडे या, इकडे! हा पोचा बघा!"

डॉक्टरबाईंना नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. त्याही गुडघे टेकून, मान वाकडी करून आत बघू लागल्या. पत्रा बोटभर आत गेला होता. चेंबर अजून बोटभर लांब होता, कोरडा ठणठणीत.

"हा दणका चेंबरला बसला असता तर..." त्या पुटपुटल्या.

"मग! केवढा सुंदर पोचा पडलाय!" मास्तर पोच्यावरून हात फिरवत म्हणाले. "चाळीस वर्षांत असा पडला नाही!"

डॉक्टरबाई माती झटकत उठल्या. झाडाखाली रांग लागली होती आणि आठव्या महिन्याची ती बाई पुढेच बसली होती. सून तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत होती.

"पुढच्या शनिवारी किती वाजता निघणार?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

सुनेने पट्ट्यावरून नजर काढली नाही, पण तिचे हात क्षणभर थांबले. "सातला," ती म्हणाली.

मास्तर अजून गाडीखालीच होते आणि वस्तीतल्या एकेकाला वाकायला लावून पोचा दाखवत होते.