रिकामी गाडी उडते

माझा राग नाकावर असतो, हे माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं आणि सासरी आठ दिवसांत कळलं. आमचे हे मात्र बोलायला महाग. मी तोंडाचा पट्टा सोडला की हे मान खाली घालून विडी पेटवायचे, आणि पट्टा थांबला की म्हणायचे, "झालं? आता वाढ." श्रीरामपूरला एका आडत्याच्या ट्रकवर हे ड्रायव्हर होते. बाजारामागं आमची एक खोली होती आणि मालकाचा ट्रक तिच्यासमोरच उभा असायचा.

त्या ट्रकच्या दारावर पांढऱ्या रंगात दोन आकडे लिहिलेले होते. एक रिकाम्या गाडीचं वजन, दुसरं भरल्या गाडीचं, म्हणजे त्याच्या वर जायचं नाही. दुसऱ्यातून पहिला वजा केला की किती माल भरायचा ते कळतं. त्यातही ड्रायव्हर, क्लीनर, वर बसलेली माणसं, त्यांची गाठोडी, सगळं मालातच धरायचं असतं. हे मी आज सांगतेय. तेव्हा ते आकडे म्हणजे गाडीवरची नक्षी, असंच आम्ही समजायचो. ह्यांची रीत सगळ्या ड्रायव्हरांची होती. माल भरून झाला की मागच्या चाकापाशी वाकायचं आणि भार झेलणाऱ्या कमानीचे लोखंडी पाटे नि वरचा हौदा यांच्यामधे हात घालायचा. चार बोटं मावली तर गाडी खुशीत. तीन मावली तरी चालतंय. दोनच मावली तर देवाचं नाव घेऊन निघायचं. माणसं तर कुणी मोजायचंच नाही. माणसाचं काय वजन धरायचं, असं म्हणून पाच-दहा जणांना वर चढवायचे.

लग्नाला वर्ष झालं तेव्हा मला पाचवा महिना होता. कोपरगावला नणंदेकडं गेले होते, येताना ह्यांच्याच गाडीत बसले. मागं गुळाच्या ढेपा, ढेपांवर माणसं. त्या दिवशी दोनच बोटं मावली होती, मी स्वतः पाहिलं होतं. एका ओढ्याच्या उतारावर गाडी आदळली आणि मागचा पाटा तुटला. मी केबिनमधे वर उडाले नि खाली बसले. चौथ्या दिवशी माझं पोट पडलं.

डॉक्टर म्हणाले, त्या धक्क्यानंच झालं असं नाही, कधी कधी असंच होतं. डॉक्टरांचं कोण ऐकतंय? मी नाही ऐकलं आणि ह्यांनीही नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर हे मला दारात घेऊन गेले आणि म्हणाले, "तू सातवी शिकलीस. त्या गाडीच्या दारावर काय लिवलंय ते वाच." मी वाचलं. ह्यांनी ते दोनदा म्हणून पाठ केलं. त्यानंतर मालकानं कितीही डोळे वटारले तरी त्या आकड्याच्या वर एक पोतं ह्यांनी चढवलं नाही.

आणि मी गप्प झाले. भाकरी थापायची, पाणी भरायचं, निजायचं. कुणी काही बोललं तरी राग म्हणून यायचा नाही. शेजारीण म्हणाली, पोर शहाणी झाली हो. मला तिच्यावरही चिडता आलं नाही.

पुढच्या वर्षी परत दिवस राहिले. तो दुष्काळाचा काळ. सातवा लागला तसं आबांचं कार्ड आलं, पहिलं बाळंतपण माहेरीच, लेकीला खर्ड्याला आणून सोडा. एस.टी.नं जायचं तर नगरला बदला, जामखेडला बदला, आणि गर्दी अशी की पोटावर कुणाचं कोपर बसेल सांगता येत नाही. मालकाची गाडी जामखेडला माल आणायला जायचीच होती. मी ह्यांना एवढंच म्हटलं, "गाडीत एक पोतंसुद्धा नको. रिकामी न्या."

"रिकामी गाडी उडती गं."

"उडू दे. माल नको म्हणजे नको."

ह्यांनी मान हलवली. मला वाटलं, ऐकलं.

निघायच्या दिवशी पहाटे बाहेर येऊन बघते तर हौद्यावर ताडपत्री, दोर आवळलेला, आणि खाली ओळीनं पोती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे काय आहे?" हे म्हणाले, "बस तू." बस तू! बसले, आणि दार असं आपटलं की समोरचं कुत्रं उठून गेलं. गावाबाहेर ह्यांनी गाडी वजनकाट्यावर घातली. मी माल नको म्हटलेलं, आणि वर हा काटा कशाला? काट्यावरच्या माणसानं चिठ्ठी वाचून दाखवली, ह्यांनी खाली उतरून दोन पोती तिथंच काढून ठेवली आणि परत वजन केलं. मी म्हटलं, "चोख आहे हो तुमचा व्यवहार. बायकोचं पोट तेवढं कुठं तोलू नका."

मग जी सुरू झाले ती नगर येईपर्यंत. तुमच्या आईचा स्वभाव काढला, तुमच्या विड्या काढल्या, लग्नात मला दिलेलं लुगडं विटकं होतं तेही काढलं. एकाचं ओझं झालं तुम्हाला, म्हटलं, आता दुसऱ्याच्या जिवावरही भाडं मारा. हे वाक्य मी बोलले. आज ते आठवलं की जीभ हासडावीशी वाटते. ह्यांचे डोळे रस्त्यावर, दोन्ही हात चाकावर, आणि खड्डा दिसला की गाडी अशी हळू घ्यायचे की मागची बैलगाडी पुढं जायची. नगरला केळी आणली, ती मी तोंड फिरवून नाकारली. चिचोंडीच्या पुढं भूक अनावर झाली तेव्हा सगळी एकटीनं खाल्ली, पण एक शब्द बोलले नाही. जामखेडच्या रस्त्याला दुष्काळी कामाची माणसं खडी फोडत होती, रस्ता जागोजागी उखडलेला. मी आपली मनात पुढची वाक्यं जुळवत होते.

खर्ड्याला पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मला आत नेलं. जरा टेकते तोच बाहेर आबांचा आवाज आला.

"पाव्हणं, ही वाळू कुणाची?"

मी उठून दारात आले. आबांनी एका पोत्याचं तोंड सोडलं होतं आणि ओंजळीत प्रवरेची वाळू घेऊन उभे होते. हे म्हणाले, "कुणाची न्हाई. ओतू का इथंच? गोठ्याला घाला." आबांनी विचारलं, एवढ्या लांबून वाळू कशापायी? तेव्हा हे ओशाळल्यासारखे म्हणाले, "गाडीचे पाटे भरल्या मालाच्या हिशेबानं बनवल्यात, आबा. जादा भरलं की तुटत्यात, अन् रिकामी असली की ताठ ऱ्हात्यात, दगडावर गेली तरी माणूस उडतंय. मिस्त्रीला इचारलं. म्हनला, निम्म्याहून थोडं जास्त भर, मग पाळण्यावानी जाती."

अख्ख्या वाटेत मला एक धक्का बसला नव्हता, आणि मला ते कळलंही नव्हतं.

आबा घमेलं आणायला गोठ्याकडं गेले. मी खाली उतरून ह्यांच्याजवळ गेले. आदल्या दिवशी ह्यांनी एकट्यानं नदीत उभं राहून पोती भरली होती. तळहात सोलून निघाले होते. मी म्हटलं, "सांगायचं नाही होय मला? मी एवढं वाट्टेल ते बोलले."

"सांगणार हुतो, काट्यापाशी."

"मग?"

हे पोत्याची सुतळी बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "वर्सात पयल्यांदा भांडलीस तू. मला वाटलं, आली माघारी. म्हटलं, भांडू दे नगरपातूर."

मी रडले. दारात, दिवसाढवळ्या, आई बघत असताना रडले. हे बावरून म्हणाले, "आता रडू नको, अजून जामखेडपातूरचं राहिलं असंल तर त्ये बोल."

सव्वादोन महिन्यांनी मुलगी झाली. आबा कार्ड लिहायला बसले तेव्हा मी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि पडल्या पडल्या स्वतः लिहिलं. मुलगी आहे. धडधाकट आहे. दिवसभर भांडते. लवकर या.