दुपारचं वाचन

मला वाचता येतं, अशी सातवीपर्यंत माझी समजूत होती. पण सोलापुरातल्या आमच्या भागातल्या हायस्कुलात आठवीला घेण्याआधी वाचनाची परीक्षा घेत, आणि तीत नेमकं काय बघतात हे एकालाही धड सांगता येईना. "पास झालीस तर शाळा, नाहीतर आईशेजारी विड्या वळायला बस," एवढंच वडील म्हणाले. विड्यांचा मला मनापासून तिटकारा होता.

प्राथमिक शाळा सकाळची. दुपारी आई आणि शेजारच्या बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत आणि मी त्यांना वाचून दाखवी. आम्ही घरी तेलुगू बोलणारे, बायकांचं मराठी बाजारापुरतं. म्हणून एक वाक्य मराठीत वाचायचं, लगेच तेलुगूत सांगायचं, असा आमचा रिवाज. बायका हसल्या किंवा हळहळल्या की पुढचं वाक्य. ऐकणारीला कळलं नाही तर वाचणारीला वाचता येत नाही, असं आईचं साधं गणित. मी पास व्हावं म्हणून तिनं अख्खं पुस्तक असं वाचून घेतलं.

परीक्षेत बाईंनी कोल्ह्याची गोष्ट पुढं सरकवली. मी एक वाक्य वाचलं आणि तेलुगूत सांगितलं. दुसरं वाचलं, सांगितलं.

"अगं, नुसतं वाच की," बाई म्हणाल्या. "मधी काय बडबडतीस?"

मी गोंधळले. नुसतं म्हणजे कसं? समोरच्याला कळलं की नाही ते न बघता पुढं जायचं? पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच झालं. डोळ्यांपुढं सूप दिसायला लागलं. तेवढ्यात दारात झाडणाऱ्या, आमच्यासारख्याच तेलुगू बोलणाऱ्या मावशी हसल्या.

"तुमाला काय झालं?" बाईंनी विचारलं.

"कोल्हा फसला की, बाई. पोरगी लई चांगलं सांगती."

बाईंनी पुस्तकात बघितलं. कोल्हा तिथंच फसला होता.

"घेतलं तुला," त्या म्हणाल्या. "पन हितं नुसतं वाचायचं."

वाचता येतं म्हणून घेतलं की येत नाही तरी घेतलं, हे मला तेव्हा उमगलं नाही, आजही नीटसं उमगत नाही. आनंद मात्र झाला. धावत घरी येऊन आईला सांगितलं. तिनं माझी अलाबला घेतली. मग विचारलं, "शाळा सकाळचीच ना?"

"नाही. दुपारची."

तिचे हात सुपातच थांबले.

"मग आम्हाला कोण वाचून दाखवणार?"

मी कात्री घेतली आणि तिच्याजवळ बसून विडीची पानं कापायला लागले.