हाय म्हणायचं नाही

शिरूरला मोबाइलच्या दुकानावरच्या खोलीत आमचा क्लास भरायचा. सकाळी व्यक्तिमत्त्व विकास, दुपारी जपानी. सकाळच्या मॅडम पुण्याहून यायच्या आणि आमच्या वरवंडच्या बोलीची त्यांना भारी किळस. "हाय काय हाय? आहे म्हणा!" म्हणून आख्ख्या वर्गासमोर दहादा म्हणून घ्यायच्या. माणसाचं व्यक्तिमत्त्व म्हणे जिभेवर असतं. आमचं त्यांनी तासून तासून पार सपाट केलं.

दुपारच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, जपानीत 'हो'ला 'हाय' म्हणतात. म्हणजे सकाळी फी भरून जो शब्द टाकायचा, तोच दुपारी फी भरून उचलायचा!

पुढं एका कारखान्यात मुलाखत झाली. जपानी साहेबांनी त्यांच्या भाषेत विचारलं, रात्रपाळी कराल का? प्रश्न मला कळला. जिभेवर 'हाय' आलंसुद्धा. पण मॅडमनी लावलेली सवय आडवी आली. मी ताठ बसून, गोड हसून, शुद्ध आवाजात म्हणालो, "आहे."

साहेबांनी माझा अर्ज बाजूला सारला आणि पुढच्याला आत बोलावलं.

घरी आईनं दारातच विचारलं, "हाय का रं नोकरी?"

"न्हाई," मी म्हणालो. हे मात्र अजिबात न सुधारता तोंडातून बाहेर पडलं.