कॉलरवरचा माइक

"तोंड आठे कर भाऊ, उजायामा."

दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला दादा हेच सांगायचे. तोंड इकडे कर, उजेडात. समोरच्याने ऐकलं नाही तर दोन बोटांनी त्याची हनुवटी धरून स्वतःच वळवायचे. लग्नाचे व्हिडिओ काढणारा माणूस, त्याला उजेडाची सवय असणारच, असं सुरतेतल्या लिंबायतमध्ये सगळे समजत. तुम्हीही तेच समजला असता. खरं कारण वेगळं होतं. दादांना ऐकू येत नव्हतं.

खानदेशातून सुरतेला आल्यावर तरुणपणीची सगळी वर्षं त्यांनी लूमवर, यंत्रमागावर काढली. कान तिथेच गेले. लूमच्या खडखडाटात कुणी ओरडत बसत नाही, एकमेकांचे ओठ पाहून बोलतात. दादा ओठ असे सराईत वाचायचे की वहिनी आणि मी सोडून कुणाला शंका आली नव्हती. आली असती तर धंदा बसला असता. बहिऱ्याला लग्नाचं काम कोण देईल?

दुकानावरच्या माळ्यावर आमचं कामगार वाचनालय होतं. म्हणजे एक कपाट, एक सायक्लोस्टाइल मशीन आणि मी. लूममुळे कान जातात आणि मालक त्याची काहीच भरपाई देत नाही, असं एक पत्रक मी काढलं. दादांनी ते उभ्यानेच वाचलं.

"बरोबर लिहिलंस," ते म्हणाले. "फक्त माझं नाव घालू नको. सीझन आहे."

त्या काळी लग्नाच्या कॅसेटमध्ये खरा आवाज नसायचाच. मंगलाष्टकांपासून पंगतीपर्यंत सिनेमाची गाणी. दादांना ते पटत नव्हतं. आपली माणसं बोलतात ते कॅसेटमध्ये आलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. म्हणून बिनवायरचा माइक घ्यायचा ठरला आणि कान म्हणून मला बरोबर नेलं.

स्टेशनकडच्या बाजारात दुकानदाराने तीन तऱ्हा काढून ठेवल्या. एक हातात धरायचा, शेपटीसारखी एरियल लोंबणारा. तो गाणाऱ्यांचा. एक परदेशी, त्याच्या किमतीत दादांचा कॅमेरा आला असता. आणि एक कॉलरला चिमट्याने लावायचा, खिशात छोटी डबी ठेवायचा. तो रेडिओच्याच पट्ट्यावर चालायचा. आवाज पकडणारी दुसरी डबी कॅमेऱ्याला लावायची.

हेडफोन लावून मी गल्ल्यापाशी उभा राहिलो. कॉलरला माइक लावून दादा रस्त्यापलीकडे गेले आणि हनुमान चालिसा म्हणू लागले. आवाज तुटला की मी हात वर करायचा, सदऱ्याची घासाघीस ऐकू आली की छातीवर हात ठेवायचा, असं ठरलं होतं. एका रिक्षावाल्याने थांबून मला विचारलं, काकांना काही त्रास आहे का. पुढे चालिसेत मध्येच सिनेमाचं गाणं घुसलं. डबीवरची चकती थोडी फिरवली तेव्हा गेलं.

दुकानदार म्हणाला, "लई जाव काका, चालशे. बाजूच्या लग्नाच्या वाडीत असाच माइक असेल तर बघून घेजो. एकमेकांत घुसे."

दादांनी तोच घेतला. परवडणारा तोच होता.

सीझनभर तो चांगला चालला. कॅसेट देण्याआधी मी एकदा ऐकून बघायचो.

मग गल्लीतल्या एका लूम कामगाराच्या मुलीचं लग्न आलं. तिच्या वडिलांना सगळे नाना म्हणत. बिदाईच्या वेळी दादांनी माइक नानांच्या सदऱ्याला लावला. बँड वाजत होता. नाना मुलीच्या कानाशी वाकून काही बोलले. दादांनी कॅमेऱ्यातून त्यांचे ओठ पाहिले आणि आवाज आला असं धरून चालले. लूमवाल्याचं असंच असतं. ओठ दिसले की त्याला ऐकल्यासारखंच वाटतं.

कॅसेट तयार व्हायच्या आत नाना गेले. कामावरच पडले. मुलगी सासरहून आली आणि दिवस झाल्यावर काकाला घेऊन थेट दुकानात आली. मी ऐकायच्या आधीच दादांनी कॅसेट लावली.

पडद्यावर नानांचे ओठ हलले. आवाज आला तो कुणा अनोळखी गुजराती माणसाचा. आइस्क्रीम डाव्या बाजूला आहे, शांतपणे घ्या, असं तो पाहुण्यांना सांगत होता. शेजारच्या वाडीतलं लग्न.

कुणी हसलं नाही. दादांनी आमची तोंडं पाहिली आणि मग माझ्याकडे वळले. आवाज न काढता मी त्यांना काय झालं ते सांगितलं.

काका भला माणूस. म्हणाला, "जाऊ द्या, मशीनचा दोष." तेवढ्यावर भागलं असतं.

मुलगी म्हणाली, "बँडमध्ये मलाही ऐकू आलं नव्हतं. म्हटलं, कॅसेटमध्ये येईल."

दादा पडद्याकडे वळले.

"चप्पल चावत व्हई ते काढी टाक माय," ते म्हणाले. "दिवायीले येजो. तुले नही जमनं ते मीच ईसु."

काकाने विचारलं, "नाही जमलं तर मीच येईन, असं नाना म्हणाले? तुम्ही तर लांब होतात. तुम्हाला कसं ऐकू आलं?"

"ऐकलं नाही," दादा म्हणाले. "मला ऐकू येत नाही. ओठ पाहिले."

मुलगी दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. ते कॅसेटमध्ये घालता येईल का, तिने विचारलं. चित्र तसंच ठेवून नुसता आवाज नवा भरता येतो. दादांनी माइक स्वतःच्या कॉलरला लावला, नानांचे ओठ हलताच बोलले. फार मोठ्याने. हळू, असा मी हाताने इशारा केला. दुसऱ्यांदा बरं आलं.

"नानांसारखं नाही वाटत," ती म्हणाली. "पण तेच राहू द्या."

ठरलेली कामं लोकांनी एकेक करून काढून घेतली. वाईट कुणीच बोललं नाही. काही जण तर दादांना ऐकू यावं म्हणून मोठ्याने बोलू लागले. नव्या पत्रकात मी त्यांचं नाव घालू शकलो असतो. आता हरकत घ्यायला काही उरलं नव्हतं. मी ते पत्रक लिहिलं नाही.

पावसाळ्याआधी कॅमेरा विकून दादा सुरतेबाहेर पलसाण्याकडच्या एका लूमवर गेले. तिथे कामावर घेताना कानांचं कुणी विचारलं नाही.