‘भाषा’पुढची कोरी जागा

धाकू डिचोलीत खाणीच्या ट्रकांवर नावं रंगवायचा. मालक सांगेल त्या लिपीत अक्षर काढायचं, एवढंच त्याचं काम. मराठी की कोकणी यावरून गोव्यात रस्ते अडले होते त्या वर्षी निवृत्त शिक्षक कृष्णनाथ सरांनी घराच्या दोन खोल्यांत लिपींचं संग्रहालय मांडायला घेतलं आणि पाट्यांसाठी धाकूला बोलावलं.

धाकूची आई यशोदा आमोण्याला राहायची. तिच्या ओवीतली एक ओळ सरांनी निवडली: ‘जात्याच्या पाळीवर पीठ माझें सांडलें.’ सरांच्या कागदावरून धाकूने ती मोडी, नागरी, रोमी आणि गोव्याची जुनी कंदवी अशा चार लिपींत उतरवली. खाली ‘भाषा :’ लिहून तो थांबला.

“मराठी घाल,” सर म्हणाले.

मदतीला आलेला त्यांचा पुतण्या सुदेश म्हणाला, “काका, ती बाई कोकणी बोलते.”

“बोलते. पण गाताना ‘माझें’ म्हणते, ‘म्हजें’ नव्हे.”

दोघं हमरीतुमरीवर आले. धाकू ओला ब्रश धरून उभा. शाळेत तो मराठी शिकला, वर्तमानपत्र मराठी वाचायचा, आणि आईच्या शिव्या खाल्ल्या त्या कोकणीत. दोन्ही वेगळ्या, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तो आमोण्याला गेला. यशोदा अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती.

“आवय, तूं गातय ती भास कसली?”

ती घाबरली. “म्हजें कितें चुकलें?”

“चुकूंक ना गे. बोलतना ‘म्हजें’ म्हणटय, गातना ‘माझें’.”

तिने ओळ म्हणून पाहिली. एकदा असं, एकदा तसं. मग मधेच अडकली. त्यानंतर तांदूळ निवडताना ती गायची, पण ही ओवी आली की गाळून पुढे जायची. आपण उगाच विचारलं, असं धाकूला फार वाटलं.

त्या जागी लिहायला नकार देत त्याने सरांना सांगितलं, “हांव कांय बरोवचों ना. तुमी दुसरो रंगारी पळयात.”

सर चिडले, पण दुसरा रंगारी त्यांनी आणला नाही. पुढल्या वर्षी कोकणी राजभाषा झाली, गोवा राज्य झालं, संग्रहालयही उघडलं. यशोदा पाहायला आली. चारही ओळींसमोर उभी राहून तिने विचारलं, “हांतुंतली म्हजी खंयची?”

धाकूने नागरीवर बोट ठेवलं, मग रोमीवर नेलं, मग हात खाली घेतला. “सगळेंच तुजें,” तो म्हणाला. खरं बोललो की खोटं, हे त्याला कळलं नाही. यशोदाने मान हलवली आणि पाणी मागितलं.

‘भाषा’पुढची जागा कोरीच होती.