दाराचं रबर आणि उजेडाची रेघ

परभणीत वसमत रस्त्याला माझं गॅरेज आहे. दूध-आइस्क्रीम नेणाऱ्या थंड गाड्या मी दुरुस्त करतो. गाडी थंडावा धरत नसली की लोकांना वाटतं गॅस संपला. बऱ्याचदा गॅस भरपूर असतो, दाराचं रबरच कुठंतरी दबलेलं असतं. ते शोधायचं तर गाडीच्या मागच्या मोकळ्या डब्यात शिरायचं, बाहेरून कुणीतरी दार लावायचं आणि अंधारात उजेडाची रेघ कुठं दिसते ते बघायचं.

बायको होती तोवर दार तीच लावायची. घर गॅरेजच्या मागंच. दांडा ओढून ती मोठ्यानं विचारायची, "दिसायलाय का उजेड?" मी कोपरा सांगितला की बाहेरून तिथं खडूची खूण करायची. तीन वर्षांपूर्वी ती गेली आणि मी डब्यात शिरणं सोडलं. रबरावर हात फिरवून अंदाज बांधायचो. दुसऱ्या कुणाला दार लावा म्हणायला जीभ रेटत नव्हती.

मागच्या एप्रिलात जिंतूरकडून आइस्क्रीमची एक गाडी माल उतरवून आली. ड्रायव्हर माझ्याच वयाचा, अबोल.

"उणे अठरावर लावलीय मिस्त्री, पण उणे आठच्या खाली उतरंना."

टपावरच्या मशिनची जाळी कापसाच्या रुईनं गच्च भरली होती. गाडी जिनिंग मिलपाशी उभी राहत असणार. जाळी धुतली, तसा आकडा उणे बारावर आला आणि तिथंच अडला. रबरावर हात फिरवला, काही लागेना. शेवटी मशिन बंद केली आणि म्हणालो, "मी आत जातो. तुमी दार लावा. ठोकलं की उघडा."

खाली डाव्या कोपऱ्यात केसाएवढी रेघ दिसली. मी ठोकलं. दार उघडलं नाही. परत ठोकलं, हाका मारल्या. आतली कडी चाचपली तर ती मोडकी. मी इथं आहे हे त्या एका माणसाशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. पोरगी पुण्याला, तिचा फोन रविवारी येतो. तो सोमवार होता. संध्याकाळी मी दिसलो नाही, तर वाट बघणारं घरात कुणी नव्हतं. थंडीपेक्षा तेच जास्त लागलं.

दार उघडलं, तेव्हा ड्रायव्हरच्या हातात चहाचे दोन कप होते.

"समोर चहा आणायला गेलतो. लय येळ झाला का?"

चिडायला तोंड उघडलं आणि मला रडूच कोसळलं. तिथंच पायरीवर बसून मी त्याला बायकोचं सगळं सांगितलं. खडूचंसुद्धा. इतक्या दिवसांत कुणापाशी बोललो नव्हतो. चहा निवून गेला.

मग तो म्हणाला, "परत आत जायचं का? म्या हितंच उभा राहतो."

आधी आतली कडी बसवली, मग रबर बदललं आणि परत आत शिरून बघितलं, रेघ गेली होती. दुपार कलता कलता आकडा उणे अठराला टेकला. तो गेला, पुन्हा काही आला नाही.

आता मी येईल त्या ड्रायव्हरला दार लावायला सांगतो. काही जण बाहेर फोनवर बोलत उभे राहतात. आवाज आत येतो, शब्द कळत नाहीत. रेघ सापडली तरी मी लगेच ठोकत नाही, थोडा वेळ तो आवाज ऐकत राहतो.